बल्बही शांत निघाला

माझा यतीनकाका बोलायला लागला की आधी एक उसासा येतो, मग ‘म्हणजे काय आहे ना’ येतं, आणि त्यानंतर मुद्दा आला तर येतो. वय अडतीस. राहायला बेव्हर्ली पार्कमध्ये, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. पीएचडी करतोय. हे शेवटचं तो इतक्या हळू सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याला काहीतरी आजार आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी ईश्वरभाई त्याला लिफ्टपाशी बरोब्बर गाठतात. “यतीनभाई, आपका वो लेजरवाला पूरा हुआ के नहीं? हमारे साले का तो एक दिन में हो गया, चश्मा भी निकल गया.” काका म्हणतो, “हो रहा है, ईश्वरभाई.” सहा वर्षं हेच उत्तर आहे. फक्त ‘हो’ आणि ‘रहा’ यांच्यामधली जागा वाढत चाललीय.

काम असं आहे. लेझरचा उजेड आपल्याला एकसारखा दिसतो, पण तो कणाकणाने येतो, आणि कण काही शिस्तीत येत नाहीत. कधी घोळका, कधी एखादाच. त्यामुळे उजेडात एक बारीक खरखर असते. तिला क्वांटम नॉईज म्हणतात. ती यंत्राची खोड नाही, उजेडाचीच आहे, आणि साध्या उजेडात ती एका मर्यादेखाली जात नाही म्हणजे नाही. काकाला तिला त्या मर्यादेच्या खाली न्यायचं होतं. त्यासाठी लेझरला करंट पुरवायची पद्धत बदलायची. त्याच्या लेझरमध्ये एक इलेक्ट्रॉन आत गेला की साधारण एक प्रकाशकण बाहेर पडतो. मग इलेक्ट्रॉनच एकसारखे सोडले तर?

“म्हणजे काय आहे ना,” तो मला म्हणाला होता, “स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची लाईन बघ. माणसं रांगेत चढली की रिक्षा एकामागून एक नीट सुटतात. घुसली की सगळा राडा.” त्याने करंटच्या वाटेत मोठा रेझिस्टन्स बसवला, म्हणजे इलेक्ट्रॉनना घुसायला जागाच ठेवली नाही.

दिवाळीनंतर ग्राफ आला. खरखर मर्यादेच्या तीस टक्के खाली. काकाचे गाईड, म्हणजे सर, कुठलंच वाक्य पूर्ण करत नाहीत; अर्धं बोलतात, उरलेलं हाताने हवेत सोडून देतात. ते म्हणाले, “हे जे आहे ना यतीन, हे फारच, म्हणजे,” आणि हात. मग त्यांनी स्वतःच ते एका कॉन्फरन्सला पाठवून दिलं आणि काकाला थिसिस लिहायला बसवलं.

मृणालिनीकाकू बँकेत काउंटरवर दिवसभर बोलते, म्हणून घरी आल्यावर ‘बरं’च्या पुढे फारशी जात नाही. त्या दिवशी मात्र तिने आमच्याकडे येऊन सांगितलं की भाईंदरच्या एका कॉलेजात जूनमध्ये जागा निघतेय, आणि डिग्री हातात असली तर यतीनचं नक्की होईल. मग तिलाही जरा दम खाता येईल.

थिसिस लिहिताना काका ग्राफवरच्या त्या मर्यादेच्या रेघेपाशी आला. ती रेघ काढायची रीत सोपी आहे. साध्या बल्बचा उजेड, उजेड मोजणाऱ्या डिटेक्टरवर पाडायचा. बल्ब बेशिस्तच असतो, त्याची खरखर मर्यादेवरच राहते, तेव्हा जितकी मोजली तितकी मर्यादा. काकाने कमी उजेडात मोजलं होतं. लेझरसाठी मात्र भरपूर उजेडातली रेघ लागणार होती आणि बल्बचा तेवढा उजेड टाचणीच्या डोक्याएवढ्या डिटेक्टरवर गोळा होईना. काका दमला होता. त्याने फुटपट्टी लावून रेघ पुढे ओढली.

आता लिहिताना त्याला ते टोचायला लागलं. त्याने मोठा बल्ब आणला, चांगली भिंगं लावली, आणि राहिलेलं मोजलं. बल्बसुद्धा मर्यादेच्या तीस टक्के खाली निघाला.

बल्ब शांत असूच शकत नाही. फार उजेड पडला की डिटेक्टरच सुन्न होत होता आणि खरखर गिळत होता. लेझर गप्प झालाच नव्हता, ऐकणारा बहिरा झाला होता.

रविवारी मटार सोलता सोलता त्याने काकूला सांगितलं. मीही तिथे सोलत होते, थोडे खात होते.

“तसंच लिहून टाक ना,” काकू म्हणाली. “बल्ब लावून कोण बघणारे?”

“जो हे परत करेल, तो आधी बल्बच लावेल.”

“तू नाही लावलास.”

काकाने हातातली शेंग न सोलताच सालांत टाकली. “दमलो होतो गं.”

“मी नाही का दमले?” ती हे अगदी सपाट आवाजात बोलली, पुढचा टोकन नंबर पुकारावा तसं. “जागा जाईल, यतीन.”

“जाईल.”

“सरांना कधी सांगणार?”

“उद्या.”

तिने सालं पेपरात गुंडाळली आणि आत गेली.

सर ओरडतील असं काकाला वाटलं होतं, किंबहुना ओरडले असते तर बरं, असं तो म्हणत होता. पण सरांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य बोलले, “मग कॉन्फरन्सवाल्यांना मीच कळवतो.” काका म्हणतो, हात हवेत गेला नाही त्याचीच भीती वाटली.

मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. उजेड दोन भागांत वाटायचा, दोन मोठ्या डिटेक्टरांवर पाडायचा, म्हणजे एकाच्याच डोक्यावर भार नको, आणि दोघांचं मिळून मोजायचं. बल्बही शेवटपर्यंत लावून मोजायचा, फुटपट्टी नाही. मध्ये जून आला आणि गेला. कॉलेजची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. काका रोज घरी येऊन बूट काढायच्या आधी पाच मिनिटं तसाच खुर्चीत बसायचा.

गणपतीनंतर एकदा तो लॅपटॉप उघडूनच आला. डायनिंग टेबलावर ठेवला. वरची रेघ बल्बची, खालची लेझरची, आणि दोघी जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या. काकूने चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे स्क्रीनला टेकवले.

“किती?”

“शंभरात सात.”

“तीस होते ना?”

“ते नव्हतेच.”

ती अजून बघत राहिली. बोटाने मधली फट शोधत होती. “पण हे आहे?”

“हे आहे. दोनदा बघितलं.”

तिने चष्मा खाली घेतला आणि ताटांसाठी जागा करायला लॅपटॉप बाजूला सरकवला. “मग हेच लिही,” ती म्हणाली. “पण आज नको.”