लेडीज सीटवरचा पाय

माझ्या मामाची उजवी पोटरी अख्ख्या रूटला पाठ होती. मामा हैदराबादेत सिटी बसचा कंडक्टर. बस डेपोच्या गेटाबाहेर पडली की तो खाकी पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि बस परत गेटात शिरायच्या आधी खाली सोडायचा. मधल्या वेळात दिलसुखनगरपासून आबिड्सपर्यंत जो कोणी चढेल त्याला मामाच्या फुगलेल्या, निळ्या-जांभळ्या, वेड्यावाकड्या नसांचं दर्शन फुकट. नसांत गरमी कोंडते, तिला हवा लागली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. हवा लागत होती, धूळ लागत होती, डिझेलचा धूरही लागत होता. नसा मात्र वर्षागणिक जाड होत चालल्या होत्या.

मी नांदेडकडच्या आमच्या गावाहून कॉलेजसाठी चिक्कडपल्लीला मामाकडे राहायला आले, तेव्हा नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. देशाचा बाजार खुला होत होता आणि मामाचा पाय बंद पडत चालला होता. संध्याकाळी घोटा सुजून बूट निघायचा नाही. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून कागदासारखी पातळ झाली होती. मामी रोज रात्री त्या पायाला कोमट तेल चोळायची आणि मामा डोळे मिटून म्हणायचा, "जरा जोरात दाब की, नस बसंल खाली." नस बसायची नाही. मामीचे अंगठे तेवढे दुखायचे.

मी म्हटलं, "मामा, दवाखान्यात दाखव ना." तो एकदम गंभीर झाला. "डाक्टर लिहून देतो अनफिट. मग डेपोवाले कौंटरला बसवतात. बसलो की मेलो मी." यात नाटक नव्हतं. शेतावरून शहरात आलेल्या या माणसाला बसमध्ये उभं राहूनच पहिल्यांदा कुणीतरी असल्यासारखं वाटलं होतं. घरात तो दोन वाक्यांत दमायचा, पण बसमध्ये चार भाषांत बोलायचा. तेलुगू बायकांना अम्मा, जुन्या शहरातल्या म्हाताऱ्यांना चचा, कोचिंग क्लासच्या पोरांना हौले, म्हणजे येडे. ही बस हातची सुटली तर माणूस म्हणून आपण उरत नाही, अशी त्याची खात्री होती, आणि म्हणून तो पाय डेपोपासून लपवत होता.

डेपोपासून लपवलेला पाय पब्लिकसमोर उघडा, त्यामुळे अख्खी बस त्याची डॉक्टर झाली होती. एक चचा रोज चढता चढता बजावायचे, "खून खराब हो गया मियाँ, जोंकां लगाओ." मामाने जळवा लावून घेतल्या. एका अम्माने एरंडेल सांगितलं, तेही झालं. बँकेतल्या एका साहेबांनी छातीठोक सांगितलं की हे मांडी घालून बसल्यामुळे होतं. मामा दिवसभर उभा असायचा, तरी त्याने जेवताना मांडी घालणं सोडलं आणि पलंगावर पाय लोंबकळत सोडून जेवू लागला. पाय आणखी सुजला. केबलवर जाहिरात बघून त्याने काटेवाल्या ॲक्युप्रेशरच्या चपला आणल्या. त्या घालून तो घरभर असा चालायचा की जणू निखाऱ्यांवरून निघालाय. शेवटी त्या चपला मामीने मांजर हाकलायला वापरल्या.

पण कळस केला तो मृगाच्या दिवशी. त्या दिवशी हैदराबादेत दम्याच्या रोग्यांना औषध भरलेला जिवंत मासा गिळायला देतात, दूरदूरहून माणसं येऊन रांगा लावतात. मामाला दमा नव्हता. त्याचं गणित वेगळंच होतं. "मासा श्वासाची नळी साफ करतो, मग नस बी नळीच हाय की. वरची झाली की खालच्या नळीत जाईल पोहत." गळ्यात माळ असल्यामुळे मासा मात्र चालणार नव्हता. शाकाहारी लोकांना तेच औषध गुळातून देतात, ते घेऊन तो घरी आला. पुढे महिनाभर पायाला फरक पडेना, तेव्हा म्हणाला, "गुळाला पोहायला येत न्हाई ना." आणि हे अगदी मनापासून.

बसमध्ये तो स्वतः एकाच बाबतीत कडक होता, ती म्हणजे बायकांची जागा. तिकडे बसचा पुढचा भाग बायकांचा. तिथे एखादा पुरुष टेकलेला दिसला की मामा मागच्या दारातून गरजायचा, "उठो मियाँ, लेडीज सीट है! तुम्हारी अम्मा खड़ी रहेगी क्या?" मिशीवाले पैलवान उठायचे. सुटाबुटातले कॉम्प्युटरवाले उठायचे. एकदा प्लास्टर घातलेला एक माणूस लंगडत उठला, तेव्हा बायकाच म्हणाल्या, जाऊ द्या हो. मामा म्हणाला, "आज पाँव बोलेगा, कल कमर बोलेगा," आणि त्याला मागे नेऊन स्वतः दुसऱ्याला उठवून बसवलं.

अशातच एका दुपारी आबिड्सजवळ यादगिरी ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला आणि मामाचा घोटा सीटच्या लोखंडी पायाला घासला. घासला म्हणजे किती, तर नखाएवढा. पण तिथली कातडी पातळ, खाली नस फुगलेली. रक्ताची चिळकांडी उडाली. मामा नंतर सांगायचा की दुखलं काहीच नाही, म्हणून तो वाकून आश्चर्याने बघतच राहिला. बसमधले सगळे डॉक्टर एकदम कामाला लागले. कुणी चुना मागितला, कुणी तंबाखू. एकाने आपली दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढून गुडघ्याखाली करकचून आवळली, तसं रक्त थांबायचं सोडून वाढलं. मामा वरचा दांडा धरून उभाच. उभं राहणं त्याने सोडलं नाही.

तेवढ्यात पुढून एक मल्याळी नर्स गर्दी कापत आली. तिने आधी दस्ती सोडली आणि मामाला ओरडली, "लेटो! खड़ा मत रहो, नीचे लेटो!" मामा बसच्या मधल्या वाटेत आडवा झाला. तिने त्याचा पाय उचलला आणि सगळ्यात जवळच्या सीटवर ठेवला. ती सीट बायकांची होती. वर बसलेली बाई चटकन उठली. नर्सने रुमालाची घडी जखमेवर ठेवून हाताने दाबून धरली. जरा वेळाने रक्त थांबलंसुद्धा. खाली पडलेल्या मामाने मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. यादगिरीला वाटलं, मामा गेला. मामा पुटपुटत होता, "अम्मा, पाँव उतारो, लेडीज सीट है."

यादगिरीने बस प्रवाशांसकट दवाखान्याच्या दारात नेली, म्हणून डेपोला सगळं कळलं. शहरात तेव्हा नवे चकाचक खाजगी दवाखाने उघडत होते. त्यातल्याच एकात तरुण डॉक्टरने मामाला समोर बसवलं आणि या दुखण्याचं नाव सांगितलं, व्हेरिकोज व्हेन्स. बायकांना हे जास्त होतं, असंही तो बोलता बोलता म्हणाला. जळवा लावल्या तेव्हा आली नव्हती ती कळा मामाच्या तोंडावर आली. "बायकांचं दुखणं मला कसं? मी काय लेडीज हाय?" डॉक्टरला मराठी येत नव्हतं, मी हिंदीत सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, पुरुषांनाही होतं, पण ते लपवतात.

मग ऑपरेशनचा विषय निघाला. खराब नस काढून टाकायची. मामा म्हणाला, "नस काढली तर रक्त कुठून जाणार? पाय वाळून काडी होईल." डॉक्टरने समजावलं की पायातल्या रक्ताचा खरा परतीचा रस्ता आत खोलवर असतो, या वरच्या नसांच्या झडपा बिघडल्यात, वर जाणारं रक्त मागे घसरून साचतंय. रक्त खराब वगैरे काही नाही. तेलाने चोळून झडप दुरुस्त होत नाही. एका जागी उभं राहू नका, चाला, रात्री पाय उशीवर उंच ठेवा. ऑपरेशन झालं तरी पुढे दुसरी एखादी नस फुगू शकते, हेही त्याने सांगून टाकलं. मामा मला म्हणाला, "म्हंजे पब्लिक मागच्या दारानं चढायलं आन मागच्याच दारानं उतरायलं. फुडं सरकंना." मी त्याचंही भाषांतर केलं. तो म्हणाला, इतकं बरोबर त्यालाही सांगता आलं नसतं.

तरी सही करायच्या आधी मामाने पेन खाली ठेवून हात जोडले. "साब, पाँव लेलो, बस मत लेओ," असं तो म्हणाला तेव्हा मला हसू यायला हवं होतं, कारण पाय नसता तर बस काय कामाची. मला रडू आलं.

ऑपरेशन झालं. महिनाभर पडून राहायची तयारी करून, तंबोऱ्यासारखे लोड मागवून ठेवलेल्या मामाला डॉक्टरने दुसऱ्याच दिवशी चालायला लावलं. थोडं चाला, मग पाय उंच करून पडा. दिवसा घट्ट लांब मोजे घाला. ते मोजे म्हणजे शिक्षा होती. पावडर लावून, मामी पुढून ओढायची आणि मामा मागे पलंगाला धरून बसायचा. मोजे चढले की दोघांनाही घाम. भेटायला येणाऱ्यांना मामा जमिनीवर सतरंजी टाकून, पाय भिंतीला उंच लावून, प्रवचन द्यायचा. जळवावाल्या चचांनाही त्याने ऐकवलं, "चचा, खून अच्छा है, रास्ता खराब था." डेपोने त्याला फिट ठरवलं, तेव्हा त्याने गल्लीत पेढे वाटले. पुन्हा बसवर गेला तो तिकिटांपेक्षा लोकांचे पाय जास्त बघू लागला. उभं राहणाऱ्या सेल्सवाल्यांना, न्हाव्यांना, शाळेतल्या बाईंना अडवून विचारायचा, घोटा सुजतो काय.

ड्यूटीवरून आला की सतरंजीवर पाय वर करून पडायची सवय मात्र त्याने ठेवली. एका संध्याकाळी तो तसाच पडून मला झडपांची गोष्ट नव्याने सांगत होता. मामी स्वयंपाकघरात फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर उभी राहिली. लुगडं जरा वर सरकलं. जमिनीवर पडलेल्या मामाची नजर नेमकी तिथे गेली आणि बोलता बोलता तो थांबला. मामीच्या दोन्ही पोटऱ्यांवर तशाच नसा होत्या, त्याच्यापेक्षा जाड. घोट्याशी तोच काळा डाग.

"हे कधीपास्नं हाय?" मामाने विचारलं.

मामी डबा घेऊन वळली. "पोर झाली तवापास्नं. आता ती नांदायला बी गेली."

"बोलली न्हाईस कधी."

"तुम्ही कुठं इचारलं? तुमचा पाय बघायला अख्खी बस हुती. मी तर ओट्याशी उभी." रागाने नाही म्हणाली. डब्यात पीठ किती उरलंय ते बघत म्हणाली.

मामा उठून बसला. शहरभर पाय तपासत हिंडणारा माणूस, आणि जे पाय रोज त्याच्या ताटाशी येऊन उभे राहत होते ते त्याने एकदाही पाहिले नव्हते. मला त्याचा राग आला, त्याची दयाही आली. त्याने नेहमीसारखा विनोद केला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो मामीला त्याच डॉक्टरकडे घेऊन गेला. मामीला शुगर होती, तेव्हा डॉक्टर म्हणाला, आधी ती ताब्यात आणा, तोवर मोजे आणि चालणं.

मोजे आले, पण मामीला वाकवेना. मामा तिच्यासमोर जमिनीवर बसला, तशी ती दचकून पाय पोटाशी घेऊन बसली. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला की बायकोला पाप लागतं, आमच्याकडे ही दगडावरची रेघ. मामा म्हणाला, "लागू दे. अर्धं माझ्या नावावर टाक." शेवटी तोडगा मामीने काढला. तो मोजे चढवायचा आणि चढवून झाले की ती त्याच्या पाया पडायची. रोज सकाळी, ड्यूटीच्या आधी, आधी हा हिच्या पायाशी, मग ही याच्या. मी चहा घेऊन बघत बसायचे. देवळात गेल्यासारखं वाटायचं, आणि त्या दोघांना मी बघतेय याची जरासुद्धा लाज वाटायची नाही.

मी नोकरीला पुण्याला गेले, मामा रिटायर झाला, तरी हे चालूच होतं. मामीने ऑपरेशन कधी केलं नाही, पण जखमेपर्यंत गोष्ट गेली नाही. मामाचे पाय शेवटपर्यंत ठणठणीत राहिले. त्याला नेलं ते हृदयाने. हृदयाबद्दल त्याला बसमध्ये कुणी काही सांगितलं नव्हतं.

दिवसकार्य उरकून पाहुणे गेले. दुसऱ्या सकाळी मी उठले तर मामी स्टुलावर बसलेली, मांडीवर मोजे, हातात पावडरचा डबा. सवयीने बसली होती. आता मोजे चढवायला कुणी येणार नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं, की आलं होतं म्हणूनच उठवत नव्हतं, कोण जाणे. मी जाऊन खाली बसले. आमच्याकडे मामा-मामीच भाचीच्या पाया पडतात, भाचीने त्यांच्या पायाला हात लावायचा नसतो. मामीने पाय मागे घेतले. "तू नगं गं माय," म्हणाली. मी मोजा उलगडून दोन्ही हातांत धरून तशीच बसून राहिले.

बऱ्याच वेळाने तिने एक पाय पुढे केला.

"टाच आदी नीट बसव," ती म्हणाली. "तुझा मामा टाचंला लई घाई करायचा."