घुट्टी कोणी पाजायची?

साक्षात ब्रह्मदेव जरी आमच्या वन्संना भेटायला आला, तरी त्या त्याला दारातच थांबवतील, अंगठ्या-कडी काढायला लावतील आणि कोपरापर्यंत हात धुऊन यायला पाठवतील. चारही हात, बरं का! वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. फरीदाबादच्या एका हॉस्पिटलात त्या नर्सिंगच्या मुलींना नुकत्याच जन्मलेल्या बाळाची काळजी घ्यायला शिकवतात. आता हे शिकवणं ड्यूटीबरोबर संपतं अशी तुमची समजूत असेल, तर एकदा त्यांच्याकडे चहाला जाऊनच या.

कुठल्याही खोलीत शिरल्या की त्या आधी पंख्याकडे बघतात, मग खिडकीकडे आणि सगळ्यात शेवटी माणसांकडे. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत एका रिसेप्शनला त्यांनी भर मे महिन्यात हॉलचा एसी बंद करायला लावला, कारण त्याचा झोत कोणाच्या तरी मांडीवरच्या तान्ह्यावर येत होता. नवरदेव घामाने निथळला, पण बाळ मजेत झोपलं. मी भांडी पुसत असले की मागून हुकूम येतो, "ओलं फडकं टाक, कोरडं घे!" हॉस्पिटलातल्या सरावाच्या रबरी बाहुलीचा पाय निखळल्यापासून तर त्या मुलींना घरी बोलावून दुधीवर शिकवतात. एकदा आमचे हे पिशवीतला दुधी देठाला धरून काढत होते. "मान! अरे, मान सांभाळ!" वन्सं किंचाळल्या. ह्यांनी दचकून दुधी दोन्ही हातांवर झेलला. वन्संनी तो ओढणीत असा काही गुंडाळून दिला, की त्या दिवशी त्याची भाजी करायला माझा हातच धजेना.

"बाळ पुसायला कोणीही शिकतं गं," त्या म्हणतात. "बाळाच्या आजीला 'नाही' म्हणायला शिकायचं, तो खरा पेपर!" या पेपरात दरवर्षी मुली अडकतात. यंदा अडकली होती सुमन. पलवलकडच्या खेड्यातली पोरगी, हात चपळ, पण घरात मोठ्यांपुढे तोंड उघडायची पद्धत नाही, त्यामुळे आवाज घशातच राहायचा. आणि नेमक्या याच सुमनच्या ड्यूटीत माझी लेक बाळंतपणाला दाखल झाली.

लेक दिलीय पानिपतला. आधीच पानिपत म्हटलं की मराठी माणूस जरा सावध होतो, त्यात विहीणबाई म्हणजे भारदस्त प्रकरण. मुलीची आई म्हणून त्यांच्यापुढे माझं तोंड बंद. म्हणून मी वन्संना अगदी गळ घातली होती, "बाळ तुम्हीच घ्या हं हातात."

"ड्यूटी सुमनची आहे. मी शेजारी उभी आहे," वन्सं म्हणाल्या आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या.

"अहो, आपल्या घरचं बाळ आहे!"

"मग? दुसऱ्यांच्या घरचे काय दुधी असतात?"

असा राग आला मला! पण बाळ आलं, मुलगी झाली, आणि सुमनचे हात चालू लागले. बाळ पुसलं, ओलं फडकं टाकलं, कोरडं घेतलं, माझ्या लेकीच्या उघड्या छातीवर बाळाला पालथं ठेवलं, वरून दुलई, डोक्यावर टोपी. बाळ हातपाय हलवत तोंडाने काहीतरी शोधत होतं. आता फक्त पहिलं दूध मिळायचं बाकी होतं. "पहिल्या तासात आईचं दूध, दुसरं काही नाही," हा वन्संचा कायदा.

तेवढ्यात विहीणबाई आत आल्या, हातात बाळाला पहिली घुट्टी चाटवायला चांदीचा चमचा आणि मधाची बाटली. "हमारे यहाँ घुट्टी दादी पिलाती है. जो पिलाए, बच्चा उसी पर जाता है!" त्यांनी बाटलीचं झाकण उघडलंसुद्धा.

तान्ह्याला मध देणं किती धोक्याचं, हे वन्संनी मला शंभरदा सांगितलं होतं. लेक माझ्याकडे बघत होती, मी वन्संकडे, आणि वन्सं सुमनकडे. त्या ढिम्म हलेनात. अहो, बोला ना आता! मी मनातल्या मनात ओरडत होते.

सुमन पुढे झाली. मग अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "दादीजी, घुट्टी आप ही पिलाएँगी. पहले हाथ धो लीजिए. चूड़ियाँ भी उतारनी पड़ेंगी."

विहीणबाई खूश! कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. सुमनने त्यांचा तळवा धरून बाळाच्या पाठीवर ठेवला, दुसरा मानेमागे दिला, आणि बाळाला हलकेच लेकीच्या दुधापाशी सरकवलं. "घुट्टी ये है, दादीजी. ये पीला गाढ़ा दूध. शहद नहीं. अब आप पिलाइए." बाळाने आ वासला आणि गपकन दूध ओढायला लागलं! विहीणबाई बघतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला तर हुंदकाच फुटला. थोड्या वेळाने त्या फोनवर अख्ख्या पानिपताला ओरडून सांगत होत्या, "घुट्टी मैंने पिलाई है, मैंने!" मध जावईबापूंनी संपवला.

वन्सं बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांना मिठीच मारली. "जिंकलीत हो, वन्सं! काय तयार केलीत पोरगी!"

त्या हसल्या. चेहरा नुसता फुलला होता. मग त्यांनी बंद दाराकडे मान वळवली.

"मध द्यायचा नाही, एवढंच शिकवलं होतं मी तिला," त्या म्हणाल्या. "आजीला आत घ्यायचं, हे तिचं तिनेच केलं. मी इतकी वर्षं आज्यांना नुसती दाराबाहेर काढत आले गं, वहिनी."