मेश्राम बाई आणि ओला स्लॅब

ईशान, तारा,

मागच्या रविवारी समोरच्या मेश्राम बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले होते. बुद्धवंदना झाली आणि मग लोक बोलायला उठले. एकाने सांगितलं, बाई फार मृदुभाषी होत्या. दुसऱ्याने सांगितलं, त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही. तिसऱ्याला तर त्या शांत सरोवरासारख्या वाटत. चुकीच्या घरी आले की काय म्हणून मी फोटोकडे पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. तुमची त्यांची कधी भेट झाली नाही. पुढेमागे कोणी तुम्हाला त्या सरोवराबद्दल सांगेल, त्याआधी खरं काय ते मीच लिहून ठेवते.

बाई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं अस्सल नागपुरी, आणि जीभ रोज वापरात असल्यामुळे तिची धार कधी गेली नाही. आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात राहायला आलो तेव्हा मी रीतसर ओळख करून दिली. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजीत एम.ए. केलं, वगैरे. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता नळाले पाणी काहून येत नाही, ते तुम्ही इंग्लिशमध्ये लिहून विचारा." तेव्हापासून मी त्यांची इंग्लिश मॅडम झाले. हे त्यांचं स्वागत होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आमच्या शेजारी दिनेश राहतो. तो बाईंचा जुना विद्यार्थी. आता घरं बांधायचे ठेके घेतो, मिहानच्या बाजूला त्याची कामं चालतात. त्याची मुलगी पूर्वा सहावीत होती. एका सकाळी तिला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, मग पाय अडखळू लागला. आमच्या गल्लीत एकही डॉक्टर राहत नाही, त्यामुळे निदानाला अजिबात वेळ लागला नाही. कोणी म्हणालं मोबाइल, कोणी म्हणालं नजर, कोणाच्या मते ही अभ्यास टाळायची युक्ती होती. धंतोलीतल्या मेंदूच्या डॉक्टरांना बिचाऱ्यांना एमआरआय काढावा लागला, पाठीतलं पाणी तपासावं लागलं. मग त्यांनी नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस.

पूर्वाच्या आईने, वैशालीने, मला सोबत नेलं होतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपल्या शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा वाट चुकते आणि आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडायला लागते. मोठ्या माणसाला हा आजार होतो तेव्हा त्याच्या मेंदूची वाढ बहुतेक झालेली असते. मुलांची अजून चालू असते. आजाराचा प्रत्येक हल्ला त्या वाढीतून काहीतरी घेऊन जाऊ शकतो. मूल बाहेरून ठणठणीत दिसतं, पण आत मेंदूची वाढ वयाच्या मागे पडते, विचारांचा वेग मंदावतो, लक्षात ठेवणं जड जातं. म्हणून हल्ले रोखणारं औषध आत्ताच सुरू करायचं आणि दर महिन्याच्या सुईने वर्षानुवर्षं घ्यायचं.

सलाईनमधून स्टेरॉईड दिल्यावर पूर्वाला काही दिवसांत नीट दिसायला लागलं, ती चालायलाही लागली. दिनेशने आजार संपल्याचं जाहीर केलं आणि गल्लीत पेढे वाटले. पुढच्या औषधाचा विषय निघाला की तो म्हणे, आता तिला काय झालंय. दर महिन्याला सुई म्हटल्यावर पोरीचं लग्न कसं जमेल, ही काळजी पूर्वाच्या आत्याला लागली. पूर्वा तेव्हा अकरा वर्षांची होती. आत्याची दूरदृष्टी आमच्याकडे प्रसिद्ध आहे.

पेढे घेऊन तो बाईंकडे आला तेव्हा मी तिथेच होते. बाईंनी हात पुढे केला नाही. "डॉक्टरनं खाल्ला का गा पेढा?" दिनेशने पेढ्यांचा डबा आणखी पुढे केला. "नाही ना? मंग मीबी थांबते."

वैशाली रोज विनवायची, दिनेश रोज उद्यावर ढकलायचा. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली. त्या काळातही पूर्वा संध्याकाळी बाईंकडे गणिताला बसायची, आणि शेजाऱ्यांना जे दिसत नव्हतं ते बाईंना तिथे दिसत होतं. एका रविवारी त्यांनी दिनेशला बोलावून घेतलं. हिवाळा होता; बाई ओट्यावर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी पूर्वाला विचारलं, एका पेटीत चोवीस संत्री, तर सात पेट्यांत किती.

पूर्वा समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. दिनेशला राहवेना. तो "एकशे..." म्हणाला तोच बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुही परीक्षा मी लय वर्षांआधी घेतली. निकाल मले माहीत हाये." तो ओशाळून बसला. बाई सोलत राहिल्या. बऱ्याच वेळाने पूर्वा म्हणाली, एकशे अडुसष्ट.

दिनेशला आनंद झाला. पाहा, बरोबर आलं ना, असं तो मला दोनदा म्हणाला. बाईंनी पूर्वाला दाण्यांचं भांडं घेऊन आत पाठवलं.

"बरोबर तं हायेच," त्या म्हणाल्या. "पण दुखणं याच्या आधी माहा प्रश्न पुरा नाही व्हायचा, तं तिचं उत्तर तयार राहे. आता किती शेंगा सोलल्या मी, पाहून घे."

"थकली असंल, बाई. दिसाले तं एकदम ठीक हाये."

"बरं. तू स्लॅब टाकला, तं दुसऱ्या दिवशी तो वरतून कसा दिसते?"

दिनेश गोंधळला. म्हणाला, वाळलेला दिसते.

"चालता येते त्याच्यावर?"

"येते ना."

"मंग खालची सेंट्रिंग काहून नाही काढत तू लगेच? रोज पाणी काहून मारत राहते? पाणी जास्त झालं का तुह्याकडे?"

आपल्या धंद्यातलं अज्ञान दिनेशला सहन होत नाही. तो समजावून सांगायला लागला. "आतून पक्का नसते ना झालेला, बाई. टेकू लवकर काढले तं आज पडणार नाही कदाचित. पण तो स्लॅब जिंदगीभर कच्चाच..."

आणि तो थांबला. बाईंनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"तिचा स्लॅब अजून ओला हाये, गा," त्या हळूच म्हणाल्या. "आन तू वरतून चालून पाहिलं, आन पेढे वाटले."

दुसऱ्या दिवशी दिनेश डॉक्टरांकडे गेला. हेच सगळं डॉक्टरांनी आधी तासभर सांगितलं होतं, पण त्यांना सिमेंटचा अनुभव नव्हता.

औषध सुरू झालं. पूर्वावर त्यानंतर आजवर नवा हल्ला झालेला नाही, एमआरआयमध्ये नवे डाग दिसले नाहीत. जो वेग गेला, तो सगळा परत आला नाही. डॉक्टर कधीही "बरी झाली" म्हणत नाहीत, आणि म्हणूनच ते बाईंना आवडत. वर्गशिक्षकांनी ती मागे पडते म्हणून निरोप पाठवला, तेव्हा बाई स्वतः शाळेत गेल्या. "पोरीले उशीर नाही होत, सर. तुमाले घाई होते," एवढं बोलून परत आल्या. मग त्यांनी गल्लीला नियम घालून दिला: पूर्वाच्या आधी जो तिचं उत्तर देईल, त्याला बाईंचं गणित सोडवावं लागेल. एका निवृत्त बँक मॅनेजरला भर अंगणात चक्रवाढ व्याज काढावं लागलं. ते चुकलं. इंग्लिश मॅडमला सूट मिळेल असं मला वाटलं होतं; मला अपूर्णांक मिळाले.

या वर्षी बाईंना पक्षाघात झाला. शब्द सापडायला वेळ लागायचा. भेटायला येणारे फार प्रेमळ. बाईंचं प्रत्येक वाक्य ते स्वतःच पूर्ण करत आणि तेही चुकीचं. बाईंना पाणी हवं असे, लोक त्यांना बुद्धविहारात नेऊन आणायचं ठरवत. पूर्वा कॉलेजातून येऊन पलंगाशी बसायची. बाईंनी तोंड उघडलं की ती नुसती त्यांच्याकडे बघत राहायची. मध्ये एक शब्दही सुचवायची नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर घाई आणायची नाही. एका दुपारी बाईंनी खूप वेळ जुळवाजुळव केली. मी सवयीने पुढे झुकले, तर पूर्वाने माझ्या हातावर हात ठेवला.

"मॅडम," बाई शेवटी म्हणाल्या, "थांबता... फक्त हिलेच येते."

दोन आठवड्यांनी त्या गेल्या.

पूर्वा आता अकरावीत आहे. तिला परीक्षेत पेपर लिहायला जास्त वेळ मिळतो आणि तो तिला लागतो. सुईच्या दिवशी दिनेश साइटवर जात नाही. गल्लीत पूर्वाला कोणी काही विचारलं, तर तिचं उत्तर येईपर्यंत बाकीचे अजूनही गप्प राहतात.