दुपारचा बर्फ

रायपूरच्या तेलीबांध्यातल्या फ्लॅटमध्ये माझी नात हिमालयात कडा चढायला जायची बॅग भरत होती. बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे तिनं बाजूला काढले. "आजी, वज़न बढ़ेगा. वीडियो में तो बर्फ एकदम नरम दिख रही है."

"व्हिडिओ दुपारचा असंल, पोट्टे," मी म्हणाले.

मग तिला माझी गोष्ट सांगितली. तिच्या वयात मीही अशीच शहाणी होते. याच कड्याकडे जाणाऱ्या बर्फाच्या उतारावर दुपारी टाच रोवून पाहिली, पाय घोट्यापर्यंत रुतला. झालं! आमच्या रायपुरात मे महिन्यात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. वितळलेलं पुन्हा गोठतं, हे डोक्यात येईल तर शपथ. सोबतच्या मैत्रिणीलाही मी काटे तंबूतच ठेवायला लावले. पहाटे तोच उतार फरशीसारखा कडक झालेला. कडा समोर, आणि आम्ही दोघी कोंबड्यांसारख्या पाय झाडत तिथल्या तिथं. शेवटचा दिवस होता, तशाच परतलो. पुढे संसार, मग गुडघे. तो खडक हाताला लागला नाही तो नाहीच.

"अब मुँह मत लटकाओ," म्हणत नातीनं काटे बॅगेत टाकले.

"तिथं पोचलीस की खडकाले दोनदा हात लाव," मी म्हणाले. "एकदा माझ्या वाटचा."