चूळ भरणारे मास्तर

आमच्या शाळेतले इतिहासाचे मास्तर फितुराचं नाव घेतलं की वर्गाबाहेर येऊन चूळ भरायचे. त्यासाठी दाराशी पितळेचा तांब्या कायम भरलेला असे. सत्तावनचं बंड शिकवायच्या दिवशी तो दोनदा भरावा लागे. मुलं हसायची, आम्ही शिक्षकही हसायचो, पण मास्तरांना खरोखरच मळमळायचं. "नाव जिभेला चिकटतं हो," असं ते मला म्हणत.

चांगल्या माणसांच्या बाबतीत मात्र भलतेच मायाळू. क्रिमियाच्या लढाईत जखमींच्या खाटांमधून दिवा घेऊन फिरणारी ती गोरी बाई जणू आमच्याच आळीत राहत होती, अशा जिव्हाळ्यानं ते तिच्याविषयी सांगत. "इंग्रज असली म्हणून काय झालं? हिच्या नावावर पाणी लागत नाही," म्हणत.

सरकारनं मालगुजारी काढून घेतली, गावांची मालकी गेली तेव्हा आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष, मालगुजारसाहेब, काही दिवस घराबाहेरच पडले नाहीत. मग त्यांना नव्या मानाची हौस आली. शाळेच्या अंगणात सत्तावनच्या हुतात्म्यांचा दगड बसवायचा आणि पहिलं नाव आपल्या पणजोबांचं घालायचं! या पणजोबांनी आमच्या नदीच्या राजघाटावर लपलेले चार बंडवाले गोऱ्यांच्या हवाली करून गावं मिळवली होती. त्या गावांची इंग्रजांनी दिलेली सनद साहेबांच्या बैठकीत काचेत लटकत असे. तिच्याखाली बसून आम्ही सगळ्यांनी चहा प्यायलेला. स्वराज्य आलं आणि त्या खिळ्यावर भारतमातेचं चित्र आलं.

साहेब शाळेत येऊन मास्तरांना म्हणाले, "मजकूर तुम्ही लिहून द्या. देश आजाद झाला, आता कशाले जुनं उकरता?"

एरवी छापील मराठी बोलणारे मास्तर ताडकन म्हणाले, "मी नाही लिहणार. पोरांले काय तोंड दाखवू?" आणि साहेबांच्या देखत त्यांनी चूळ भरली. आठवड्याच्या आत त्यांची नोकरी गेली.

मजकूर मी लिहिला. मी चित्रकलेचा शिक्षक, तोही तात्पुरता; पक्कं करायचं आश्वासन मिळालं होतं. दगडावर अक्षरं काढली, पाथरवटानं ती कोरली आणि मी पक्का झालो. आठवलं की अजून स्वतःची शिसारी येते.

मास्तर मुलीकडे भुसावळला निघाले तेव्हा निर्लज्जासारखा मी केळी घेऊन स्टेशनावर गेलो. ते मला नावानं हाक मारून म्हणाले, "तुमचं अक्षर सुरेख आहे. लांबून वाचता येतं."

माझं नाव घेतलं होतं. आता चूळ भरतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी पिशवीतून तांब्या काढला आणि माझ्या हातात दिला. "ठेवा. मला तिकडं कोणाचं नाव घ्यायचं नाही. तुम्हाला लागेल."

पुढं निवृत्तीपर्यंत दर पंधरा ऑगस्टला त्या दगडाला हार घालायचं काम माझ्याकडेच होतं. घरी आल्यावर मी त्याच तांब्यानं चूळ भरायचो. तांब्या रिकामा व्हायचा, तोंडाची चव तशीच राहायची.