कोपराखालचं बटण

विमेरा या कोरड्या, वणवे लागणाऱ्या शेतीपट्ट्यातल्या टॅलूरा गावात क्लॅरी डन्स्टनचा राग प्रसिद्ध होता, कारण त्यातून कधी काही निष्पन्न होत नसे. त्याच्या बायकोने, बेरिलने, शेजारच्या बिरावी गावच्या लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबासाठी जन्मभर केक भाजले. ती गेल्यावर क्लबाने तिच्या नावाचा करंडक ठेवला आणि या उन्हाळ्यात, कृतज्ञतेचा कळस म्हणून, त्याला एका ट्रॅक्टर विकणाऱ्याचं नाव दिलं.

ही बातमी आली तेव्हा क्लॅरी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये, पिवळा कोट घालून रेडिओपाशी बसला होता. बाहेर गरम वारा, जिल्हाभर आगबंदी, म्हणजे उघड्यावर काडीही ओढायची नाही. अशा दिवशी इथे आगीचं नावही कोणी गमतीत काढत नाही.

"नेव, ऊठ," समोर पेंगणाऱ्या नेव्हिल पॅस्कोला तो म्हणाला. "जा, बिरावीचा क्लब पेटवून ये. पेट्रोलचा कॅन माझ्या गॅरेजात आहे."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या नाताळात! आत्ता म्हणजे आत्ता."

"चहा झाला की निघतो," नेव म्हणाला आणि पुन्हा पेंगला. नेवच्या खुराड्यावर छप्पर चढायच्या आत त्याच्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या होत्या.

क्लॅरीचं कोपर मात्र रेडिओच्या बोलायच्या बटणावर होतं. एरवी खरखरणाऱ्या त्या यंत्राने हा संवाद जिल्ह्यातल्या प्रत्येक बंबात स्वच्छ पोचवला. बिरावीकर पाण्याचे पाइप घेऊन क्लबाभोवती उभे राहिले. नेव चहालाही उठला नाही.

जाळपोळीला चिथावणी दिल्याचा खटला उभा राहिला. दोषी ठरला, तर दल कोट काढून घेणार होतं. बेरिलनंतर क्लॅरीला सकाळी उठवणारा तेवढा कोटच उरला होता.

"पण जळलं काय?" त्याने वकीलबाईंना विचारलं.

"काही नाही. पण कायद्याला जळायची वाट बघावी लागत नाही. तुम्ही मनापासून सांगितलंत का, एवढं तो बघतो. थट्टा होती म्हणा आणि घरी जा."

साक्षीला नेव आला आणि न्यायाधीशबाईंना म्हणाला, "मॅडम, याला खरंच पेटवायचं असतं, तर याने मला सांगितलं असतं का?"

कोर्ट खो खो हसलं. नेवने तडीस नेलेलं गावाच्या आठवणीतलं हे एकमेव काम.

न्यायाधीशबाई क्लॅरीकडे वळल्या. "थट्टा होती का, मिस्टर डन्स्टन?"

होय म्हटलं की सुटका. मागच्या बाकावर बिरावीचे लोक अजून हसत होते.

"नव्हती, मॅडम. बेरिलचं नाव पुसलं, ती थट्टा नव्हती. मग माझीही नव्हती. नेवने चहाचं नाव काढलं, तोवर तरी नव्हती."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

तुरुंग टळला, चांगल्या वर्तनाची हमी घेऊन सोडलं. पण दोषी तो दोषीच. कोट दलाच्या कपाटात गेला. आता क्लॅरी शेडमध्ये नुसता चहा करायला जातो. रेडिओची जबाबदारी, गावात दुसरा कोणी रिकामा नसल्याने, नेवकडे आली आहे.

परवाच्या आगबंदीला क्लॅरी कप घेऊन आला तेव्हा जिल्हाभर शांत, तालबद्ध घोरणं ऐकू जात होतं.

"नेव," तो हळूच म्हणाला, "कोपर काढ, बाबा."