गोदाकाकू, दिवाण आणि मी

गोदाकाकूंनी माझी ओळख करून घेतली ती माझी मान वाकवून. मेहकरला मास्तर म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. शेजारधर्म म्हणून त्यांच्या ओसरीवर टेकलो, तोच “हालू नका, मास्तर,” म्हणत त्यांनी माझ्या कॉलरमध्ये बोटे घातली, एक टम्म फुगलेली गोचीड ओढून काढली आणि घासलेटाच्या वाटीत टाकली. “आता बसा. चहा घेता ना?” चहा मी घेतला, निम्मा बशीत, निम्मा धोतरावर.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले आणि आमच्या गल्लीचा गोदाकाकूंच्या ओसरीवरून. काकू विधवा, मोठ्या शेतीच्या मालकीण, आवाज खणखणीत. उन्हाळ्यात रोज दुपारी दिवाण नावाच्या आपल्या कुत्र्याचे डोके मांडीवर घेऊन त्या बसत. त्याचे कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीचे मूळ, सगळे निरखत. गोचीड कातड्यालगत चिमटीत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. मग स्वतःच्या पोटऱ्या आणि लुगड्याचे काठ. “कुत्रं निवडलं आन् गोठा तसाच ठेवला, तं काय उपेग? गोचीड फकस्त मुक्काम बदलते,” असे त्या म्हणत.

मी वर्गात सिंहगडाची लढाई शिकवू लागलो की पोरे थरारत. घरी मात्र मसुरीएवढा जीव सरपटताना दिसला तरी मी टेबलावर चढे.

एका वैशाखात दिवाण आडवा झाला. हिरड्या पांढऱ्याफटक, दुधात कुस्करलेल्या भाकरीलाही तोंड लावेना. अंगभर गोचिड्या. काकूंचे दीर आबाजी म्हणाले, “नदीपल्याड सोडून या याले. घरादाराले ताप येईन.”

“बैलाइच्या अंगावरबी हायेत गोचिड्या. त्याइले काऊन नाही सोडत?” काकूंनी विचारले. मग त्या माझ्याकडे वळल्या. “मास्तर, डोकं धरा. माहा हात त्याच्या कानात राहीन. दुखलं तं चावन. सोडू नका.”

मी जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता. डोळे मिटून त्याचे डोके धरले. काकू एकेक गोचीड काढत होत्या आणि मला स्पष्ट कळत होते की एक माझ्या पोटरीवरून गुडघ्याकडे, गुडघ्यावरून मांडीकडे निघाली आहे. अखेर “झालं,” हा शब्द ऐकला आणि मी उडालो. भर अंगणात, आबाजींसमोर, धोतराचा सोगा हातात घेऊन मी जो काही नाचलो, त्याला कुठल्याही शास्त्राचा आधार नव्हता. ते पाहून दिवाणने मान उचलली आणि क्षीण का होईना, भुंकला.

“उठला!” काकू ओरडल्या. “मास्तर, थांबू नका, नाचा!”

काकूंनी दुसऱ्याच दिवशी गोठा रिकामा करून भिंतींच्या भेगा चुन्याने बुजवल्या. दिवाण हळूहळू सावरला, पुढे बरीच वर्षे जगला. माझा नाच मात्र बाजारच्या दिवशी गावोगाव पोचला.

बदली झाल्यावर फार वर्षांनी काकूंच्या अखेरच्या आजारात भेटायला गेलो. त्यांच्या पुतण्याची बायको हसू दाबत म्हणाली, “हेच का वो ते नाचणारे मास्तर?”

काकू हसता हसता खोकल्या. मग म्हणाल्या, “नाचले ते नंतर, पोरी. आधी गोचीड यायच्या मांडीवर चढून राह्यली होती. मले दिसत होती. तरी यायनं कुत्रं सोडलं नाही.”

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितले नव्हते, मलाही नाही. मी उठून त्यांना पाणी दिले.